स्वस्तातला राउटर घेताना आधी पोर्ट बघा

बजेट कमी असेल तर अँटेना मोजत बसू नका, खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'एसी १२००' म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झचे ८६७ आणि २.४ चे ३०० एमबीपीएस (इंटरनेटच्या वेगाचं माप) यांची कागदावरची बेरीज, तीही ११६७ ची वर ढकलून १२०० केलेली. एका मोबाइलला तेवढा वेग कधीच मिळत नाही. खरी मेख पोर्टमध्ये, म्हणजे वायर लावायच्या जागेत असते. तिथे '१०/१००' लिहिलं असेल, तर वायरमधूनच १०० एमबीपीएसच्या वर काही आत येत नाही. आमच्याकडे २०० चा प्लॅन होता आणि स्पीड टेस्टचा आकडा महिनोन्‌महिने ९४ वर अडलेला! म्हणून प्लॅन १०० च्या वरचा असेल, तर '१०/१००/१०००' म्हणजे गिगाबिट पोर्टच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. १०० किंवा कमी असेल, तर साधे पोर्ट पुरतात.

मात्र ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ या दोन्हींवर चालणारा राउटर हवाच. बिल्डिंगमध्ये २.४ वर शेजारपाजारच्या सगळ्या राउटरची गर्दी असते.

आणि हो, फायबरवाल्याने बसवलेल्या डब्यातच ड्युअल बँड वायफाय आहे का, ते आधी बघून घ्या. असेल, तर तो टीव्हीच्या मागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवून बघा. कदाचित खरेदीची गरजच पडणार नाही.