हार्मोनचा त्रास असलेलं मूल लंगडायला लागलं तर काय करायचं

ज्या मुलाला थायरॉइड कमी आहे, ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत किंवा पिट्युटरीचा (मेंदूच्या तळाशी असलेली, हार्मोन बनवणारी ग्रंथी) काही प्रॉब्लेम आहे, ते गुडघा दुखतोय म्हणालं की आधी खुबा तपासून घ्या. गुडघा नाही, खुबा. खुब्याचं दुखणं मांडीत आणि गुडघ्यात जाणवतं, आणि इथेच बहुतेकांचा वेळ जातो, गुडघ्याचा एक्सरे नॉर्मल येतो, वाढीचं दुखणं आहे म्हणून घरी पाठवतात आणि तोपर्यंत आत हाड सरकत राहतं.

होतं काय की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि खालची मान यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते, ग्रोथ प्लेट म्हणतात ती. हार्मोन कमी असले की ती कमजोर राहते आणि उशिरापर्यंत उघडी राहते, त्यात ग्रोथ हार्मोनने उंची भराभर वाढायला लागली की तिच्यावरचा ताणही वाढतो, मग मान गोळ्यावरून घसरते. म्हणून इंजेक्शन चालू असताना लंगडणं दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा, पण औषध मनाने बंद करू नका प्लीज.

घरी बघायचं तर चालताना पाऊल बाहेर वळतंय का ते बघा. मूल उताणं झोपवून गुडघा हळूच छातीकडे आणताना मांडी आपोआप बाहेरच्या बाजूला गेली तर शंका पक्की समजा, पण दुखत असेल तर अजिबात जोर लावू नका. मालिश, शेक, हाडवैद्याकडे ओढून घेणं हे तर बिलकुल नको. त्या पायावर भार द्यायचा नाही, म्हणजे बाथरूमपर्यंतसुद्धा चालवायचं नाही, व्हीलचेअर नाहीतर उचलून. पाय टेकवताच येत नसेल तर ती इमर्जन्सी आहे, कारण गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि तो एकदा तुटला की हाड मरतं. सरळ हॉस्पिटल गाठा.

तिथे स्पष्ट सांगा की दोन्ही खुब्यांचे एक्सरे हवेत, समोरून आणि बाजूने, कारण सुरुवातीचं सरकणं समोरच्या फोटोत चुकू शकतं. हार्मोनची फाइल सोबत न्या, भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ती दाखवा.

उपाय ऑपरेशनच आहे, साधारणपणे एक स्क्रू टाकून गोळा आहे तिथे पक्का करतात. हार्मोनच्या मुलांमध्ये दुसरी बाजूही सरकायची शक्यता बरीच जास्त असते, त्यामुळे चांगल्या बाजूलाही आत्ताच स्क्रू टाकायचा का हे ऑपरेशनआधीच विचारा, मला तरी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणि उलटंही लक्षात ठेवा, ज्या मुलाला हार्मोनचा त्रास आहे हे माहीतच नाही त्याच्यासाठी. हाड सरकण्याचं हे दुखणं साधारण 10 ते 16 वयात होतं, त्याच्या आधी किंवा नंतर झालं, किंवा मूल बारीक आणि बुटकं असेल, तर थायरॉइडच्या टेस्ट करायला सांगा, कित्येकदा थायरॉइडचा पत्ता खुब्यामुळेच लागतो.