रेड-फूट कासवाची पिल्लं आणताय? मग घरी हे आधी तयार ठेवा

पहिलं काम कागदांचं, बाकी सगळं नंतर. आपल्याकडचं स्टार कासव असो नाहीतर ईशान्येच्या जंगलातलं मोठं तपकिरी कासव, ते घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, मग कुणी कितीही सांगो की वास्तूला चांगलं असतं, लक्ष्मी येते वगैरे. कुणी विकताना दिसलं तर वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा, दया आली म्हणून विकत घेऊ नका, कारण एक विकलं गेलं की जंगलातून दुसरं पकडून आणतात. मी बोलतोय ते दक्षिण अमेरिकेतल्या रेड-फूट कासवाबद्दल, जंगलाच्या कडेला, पानांच्या थराखाली दमट जागेत राहणारं. ते परदेशी आहे पण साइटीसच्या, म्हणजे वन्य प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, म्हणून २०२४ मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंद लागतेच. ज्यांच्याकडून पिल्लं घेताय त्यांच्याकडच्या नर-मादीच्या जोडीची नोंद आहे का ते आधी बघा, कागद नसतील तर पिल्लू कितीही गोड असलं तरी हात जोडा आणि परत या.

आता कवचाचं. पिल्लू जेमतेम दोन इंचाचं असतं आणि त्याचं कवच म्हणजे वरून नखासारख्या पदार्थाची पापुद्र्यासारखी चकती आणि खाली जिवंत हाड, त्यात नसा असतात, दुखतं त्याला. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत हे कवच ज्या आकाराने वाढेल तो आकार जन्मभर राहतो, आणि हे कासव नीट सांभाळलं तर पन्नास वर्षंही जगतं. चकत्या डोंगरासारख्या वर उचलल्या गेल्या, ज्याला पिरॅमिडिंग म्हणतात, तर त्या परत खाली बसत नाहीत, पुढची वाढ सपाट करता येते एवढंच. म्हणून पिल्लू आल्यावर बघू असं चालत नाही, पेटी आठवडाभर आधी लावून, चालवून, आकडे बघून मगच पिल्लू आणायचं.

लोकांना वाटतं मुंबईत हवा एवढी दमट, आपल्याला काय करायचंय. इथेच गडबड होते. पावसाळ्यात ठीक आहे, पण जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारी हवा चांगलीच कोरडी पडते, आणि मे महिन्यात तुम्ही बेडरूममध्ये एसी लावून झोपता त्याच खोलीत पेटी असेल तर बाहेर कितीही घाम येत असू दे, पेटीतली हवा रात्रभर सुकतेय. २००३ साली व्हिएन्नात आफ्रिकन सल्काटा कासवाच्या पिल्लांवर अभ्यास झाला होता, त्यात कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठीवर उंचवटे जास्त आले, खाण्यातल्या प्रोटीनचा फरक त्यामानाने किरकोळ निघाला. तेव्हा जास्त खायला घातलं म्हणून पाठ वाकडी झाली हे जे सगळे सांगतात ते अर्धवट आहे, मुख्य गोष्ट हवेतला ओलावा. जंगलात राहणाऱ्या या जातीच्या पिल्लाला ८० टक्क्यांच्या आसपास ओलावा हवा, आणि तो अंदाजाने नाही, डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे ओलावा मोजायचा मीटर, घेऊन पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवून मोजायचा, झाकणाला चिकटवलेला मीटर वरची हवा मोजतो.

पेटी झाकणाची घ्या, उघडा टब नको. मोठा प्लास्टिकचा स्टोरेज बॉक्स चालतो, हवेसाठी थोडी भोकं पाडून. तळाला नर्सरीतून आणलेलं कोकोपीट, म्हणजे विटेसारखा दाबून विकतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा, पण आधी दोन-तीनदा पाण्यात धुऊन घट्ट पिळून, कारण काही विटांमध्ये मीठ राहिलेलं असतं. वर वाळक्या पानांचा थर. पाणी वरून शिंपडत बसू नका, कोपऱ्यातून खाली सोडा, म्हणजे खालचा थर ओला, वरचा नुसता गार आणि हवा दमट. हे नीट समजून घ्या कारण उलटं केलं की दुसराच त्रास सुरू होतो, पोटाकडचं कवच दिवसभर चिखलात राहिलं की त्याला सडका डाग पडतो. लपायला एक अंधारी जागा हवीच, आणि पेटीच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, लाल मुंग्या एवढ्याशा पिल्लाचे डोळेसुद्धा सोडत नाहीत.

तापमान दिवसा २६ ते ३० आणि रात्री २४ च्या खाली नको. मुंबईत बरेच महिने हीटर लागतच नाही, पण जानेवारीच्या चार थंड रात्रींसाठी सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट आत्ताच घेऊन ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. ही जात थंडीत झोपून राहणारी नाही, पिल्लू सुस्त पडलं तर ते गारठलंय असंच समजा. वरून तापणारा स्पॉट बल्ब टाळा, तो नेमकी पाठ सुकवतो. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले हाडं पक्की करायला लागणारे किरण देणारी, लांब ट्यूब घ्या, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर लावा आणि लावल्याची तारीख त्यावरच लिहा, कारण उजेड दिसत राहतो पण यूव्हीबी सहा महिने ते वर्षात कमी होतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. बाल्कनीत सकाळचं कोवळं ऊन उत्तम, पण सावलीचा कोपरा ठेवून, वर जाळी टाकून आणि तुम्ही शेजारी बसून, कावळा आणि घार दोन्ही टपलेले असतात.

खाणं सोपं आहे. जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, थोडी पपई, कधी बटण मशरूम, आणि आठ-दहा दिवसांतून उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. दादरच्या बाजारातली फुलं नको, औषध मारलेलं असू शकतं, कुंडीतच जास्वंद लावा. अळू, मनी प्लांट, कण्हेर आसपाससुद्धा नको. दूध-पोळी, भात अजिबात नाही. आठवड्यात दोन-तीनदा चिमूटभर साधी कॅल्शियम पावडर, आणि पक्ष्यांच्या दुकानात मिळतो तो समुद्रफेसाचा तुकडा पेटीत टाकून ठेवा.

रोज हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, त्यासाठी वेगळा टब, किचनच्या सिंकमध्ये कधीच नाही, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असतात, लहान मुलांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच. आणि आजी कितीही प्रेमाने म्हणाली तरी पाठीला खोबरेल तेल लावू नका, त्यावर धूळ-घाण चिकटते आणि सुकणं तर थांबतच नाही.

दर रविवारी किचनच्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन आणि बाजूने एक फोटो. चकत्यांच्या मध्ये फिकट रेघ दिसली तर घाबरू नका, ती नवी वाढ आहे. सुरुवातीला कवच किंचित लवतं, तेही ठीक, पण महिने गेले तरी मऊच राहिलं किंवा मऊ होत चाललं तर हाडं कच्ची राहतायत. घाण वास, ओलसर खड्डा, पोटाकडे गुलाबी-लाल झाक, यातलं काहीही दिसलं की खरवडू नका, घरातलं मलम लावू नका, त्याच दिवशी डॉक्टर. म्हणून सरपटणारे प्राणी खरंच बघणारा, एक्स-रे काढणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टरही याला हात लावत नाहीत.

राहिलं एकच, गणपतीला गावी जाणार असाल तर पेटी कोण बघणार ते आत्ताच ठरवा, आणि त्या माणसाला मीटर वाचायला आणि पाणी कुठून सोडायचं ते एकदा समोर करून दाखवा.