गच्चीवरच्या मिरचीला पातळ खत
कुंडीतल्या मिरची-टोमॅटोला वाढीच्या काळात १९:१९:१९, कळ्या दिसल्या की ०:५२:३४ (पाण्यात विरघळणारी खतं; आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के). लिटरभर पाण्यात १ ग्रॅम पुरे. जास्त घालून झाड जोमात येत नाही, जळतं. आधी साधं पाणी घाला, मग खत. पानांच्या कडा तपकिरी होऊन वळल्या, की खत बंद आणि कुंडीच्या तळातून वाहीपर्यंत नुसतं पाणी सोडायचं. कॅल्शियम नायट्रेट हे खत ०:५२:३४ सोबत एकाच बादलीत कधीच नको, पांढरा साका बसतो. कोल्हापुरातल्या जुलैच्या पावसात खत घालूच नका, सगळं गटारात जातं. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) करणार असाल तर गूळ बिनरसायनाचा, काळपट घ्या (इथं काय गुळाला तोटा!). गाळून, दहापट पाणी मिसळून द्या, आठवड्यात संपवा.