चेनसॉ घेताय? आधी पार्ट विचारा, मग भाव

आमच्याकडे कोकणात पावसाआधी सगळ्यांनाच चेनसॉ आठवतो आणि मग जो स्वस्त दिसेल तो उचलतात, तसं करू नका. आधी तालुक्याच्या दुकानात जाऊन विचारा की स्टार्टरची दोरी, चेनला तेल देणारा ऑइल पंप, क्लच, कार्बोरेटर किट आत्ता शेल्फवर आहे का. "मागवून देतो" म्हणाला की समजून जा. माझ्या पहिल्या बिननावाच्या मशीनचा ऑइल पंप गेला, पार्ट कुठेच मिळेना, ऐन सीझनला झाड तसंच आडवं पडून राहिलं.

स्टिल ही जर्मन कंपनी, हुस्कवर्ना स्वीडिश, दोन्ही महाग पण वर्षानुवर्षं चालतात, त्यातलं ज्याचा मेकॅनिक जवळ तेच घ्या. साधं 58 सीसीवालं कधीमधी फांद्या तोडायला ठीक, पण पेट्रोल-ऑइलचं मिक्स बघा, 50:1 म्हणजे लिटरभर पेट्रोलला 20 मिली टू-टी (2T, टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, 25:1 म्हणजे 40, मॅन्युअलमध्ये असेल तेच.

दुकानातच चालू करून बारचं (चेन फिरते त्या पट्टीचं) टोक पुठ्ठ्यासमोर थोडं लांब धरून रेस द्यायला सांगा, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उठली पाहिजे, नाही उठली तर ते मशीन घेऊच नका.