पर्यावरणस्नेही डायपर निवडताना या चुका टाळा

दिवसाला सरासरी पाच डायपर धरले, तरी दोन वर्षांत एका बाळामागे साडेतीन हजारांहून अधिक डायपर कचऱ्यात जातात. हा ढीग डोळ्यांसमोर आला की बहुतेक सुजाण आईवडील कापडी डायपरकडे किंवा पाकिटावर हिरवे पान छापलेल्या महागड्या डायपरकडे वळतात आणि पैसे मोजून झाले की आपले कर्तव्य संपले असे मानतात. डायपरचा पर्यावरणावरील भार मात्र खरेदीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, घरातील मोरीत, दोरीवर आणि कचऱ्याच्या डब्यापाशी ठरतो. पुढील बहुतेक चुका तिथल्याच आहेत.

ब्रिटनमध्ये २००८ साली सरकारी पातळीवर झालेल्या एका अभ्यासात बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला गेला. वापरून फेकण्याच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो, तर कापडी डायपरमुळे सरासरी सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असे त्यात आढळले. कापडी डायपरचा आकडा एवढा फुगण्याचे कारण गरम पाण्याची धुलाई आणि विजेवरचे ड्रायर हे होते; मशीन पूर्ण भरून धुतल्यास, कपडे बाहेर वाळवल्यास आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरल्यास हा भार सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरतो, हेही त्याच अभ्यासाने दाखवले. तेथेच २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या हिशेबात कापडी डायपर सुमारे पंचवीस टक्क्यांनी सरस ठरले. दोरीवर कपडे वाळत घालण्याची आपली साधी सवय येथे मोठ्या कामाची आहे.

‘बांबू’ आणि ‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दांवर विसंबणे

वापरून फेकण्याच्या साध्या डायपरमध्ये त्वचेला लागणारा थर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, मधला भाग लाकडाच्या लगद्याचा आणि ओलावा धरणाऱ्या सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटच्या दाण्यांचा, तर बाहेरचा पापुद्रा पॉलिथिनचा असतो. ‘बांबू डायपर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक डायपरमध्ये यातील एखादा थरच बदललेला असतो. आतले दाणे आणि कडांचे इलॅस्टिक तसेच राहते. शिवाय बांबूचे मऊ कापड हे बहुधा व्हिस्कोज असते, म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा. तो वाईट आहे असे नव्हे, पण ‘नैसर्गिक’ हा शब्द त्याला सैलपणे लावला जातो.

विघटनशील थरालाही विघटनासाठी हवा, ओलावा आणि उष्णता लागते. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठीचे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक औद्योगिक खतप्रकल्प गृहीत धरते, जिथे ढिगाचे तापमान साठ अंशांच्या आसपास जाते. गच्चीवरच्या खताच्या डब्यात ते तापमान टिकत नाही. त्यातच बाळाच्या विष्ठेतील जंतूंचा प्रश्न असल्याने तसे डायपर तिथे टाकणेच चूक आहे. कचरा डेपोच्या ढिगाखाली हवा न मिळता कुजणाऱ्या पदार्थांतून तर मिथेन निघतो. म्हणून विक्रेत्याला नेमका कोणता थर विघटनशील आहे, कोणत्या मानकानुसार आणि आपल्या शहरात तो स्वीकारणारा प्रकल्प आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर गुळमुळीत आले, तर जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

बाळ येण्याआधीच संच विकत घेणे

‘फ्री साइझ’ कापडी डायपर कितीही बटणे लावून लहान केला, तरी अडीच-तीन किलोच्या बाळाच्या मांडीपाशी फट राहते आणि तिथूनच तो गळतो. बाळ साधारण पाच किलोचे होईपर्यंत हे चालते. पहिले चार-सहा आठवडे जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे लंगोट आणि खाली दुपटे, ही आजीची पद्धत आजही सर्वांत कमी भाराची आहे, कारण त्यासाठी नवे कापड विणावेच लागत नाही. लंगोट घट्ट बांधून आणि पाय सरळ आवळून बाळाला गुंडाळू मात्र नये. खुब्याच्या सांध्याला ते घातक ठरू शकते.

त्यानंतर वेगवेगळ्या प्रकारचे दोन-तीन डायपर घेऊन आठवडाभर वापरून पाहावेत आणि मगच संख्या वाढवावी. नात्यात कोणाचे वापरलेले मिळत असतील, तर संकोच करू नये. फक्त इलॅस्टिक ओढून सोडल्यावर मागे येते का आणि बाहेरच्या जलरोधक कापडाचा आतला पापुद्रा सुटलेला नाही ना, एवढे तपासावे.

धुण्यातील चुका डायपरच्या माथी मारणे

कापडी डायपर ‘आम्हाला जमले नाहीत’ असे सांगणाऱ्या घरांत खरा दोष पुष्कळदा बादलीत असतो. नवा डायपर पहिल्याच दिवशी गळत असेल, तर शोषक पट्टी सुती, बांबूची किंवा हेंपची (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याची) आहे का ते पाहावे. अशी पट्टी पाच-सहा धुण्यांनंतरच पूर्ण शोषू लागते. महिनाभर नीट चाललेला डायपर अचानक गळू लागला, तर कपडे मऊ करणारे द्रव किंवा पुरळावरचे झिंकयुक्त मलम याचा संशय धरावा. दोन्हींचा पातळ लेप कापडावर बसतो आणि शू आत न मुरता वरून ओघळते. भांडी घासण्याच्या साबणाचे दोन-चार थेंब आणि कोमट पाणी यांनी पट्टी चोळून, फेस जाईपर्यंत खळबळली की हा लेप बहुधा सुटतो.

डायपर धुतल्यावर बरा वाटतो, पण बाळाने शू करताच त्यातून डोळ्यांना झोंबणारा वास येतो, ही दुसरी तक्रार. ‘बाळाचे कपडे’ म्हणून चिमूटभर पावडर घालणाऱ्या आणि बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत ती हमखास ऐकू येते. जड पाण्यात साबण कमी काम करतो आणि क्षार धाग्यांत साठतात. आधी नुसत्या पाण्यात शू काढून टाकावी, मग पुरेशी पावडर घालून धुवावे आणि पट्ट्या अधूनमधून गरम पाण्यात काढाव्यात. रात्रभर बादलीत भिजत ठेवल्याने वास वाढतो आणि इलॅस्टिकही सैल पडते. जंतुनाशक द्रव, ब्लीच आणि व्हिनेगर यांचा सर्रास वापर टाळावा. उन्हासारखा फुकटचा उपाय दुसरा नाही. पट्ट्या कडक उन्हात आणि जलरोधक कव्हर सावलीत वाळवावे.

मायक्रोफायबरची, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांची, पट्टी थेट त्वचेला लावू नये, ती ओलाव्याबरोबर त्वचेचे तेलही ओढते. इलॅस्टिकचा वळ थोड्या वेळात जात असेल, तर काळजी नाही. लाली टिकली किंवा बारीक पुटकुळ्या उठल्या, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

पावसाळा हिशेबात न धरणे

कोकणात जुलै महिन्यात अनेक थर एकत्र शिवलेला डायपर दोन दिवसांतही वाळत नाही. त्यापेक्षा पट्टी वेगळी निघणारा किंवा घडीचे लंगोट आत ठेवता येणारा प्रकार घ्यावा. एकेरी कापड पंख्याखाली रात्रीत सुकते. बाळाच्या धुरीवर कपडे धरण्याची रीत काही घरांत आहे, पण जलरोधक कापड त्या आचेने आकसते आणि धुराचा वास बाळाच्या नाकाशी राहतो. अशा दिवसांत, तसेच प्रवासात, फेकण्याचे डायपर वापरले तर अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. अर्धवट ओला कापडी डायपर बाळाला घालण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

फेकताना हात झटकणे

फेकण्याच्या डायपरमधीलही शी आधी शौचकुपात टाकावी, हे फार थोड्या घरांत पाळले जाते. डायपर आणि पुसायचे ओले वाइप्स मात्र शौचकुपात कधीच टाकू नयेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले डायपर नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर टाकली, कारण हा कचरा पुढे माणसेच हाताने वेगळा करतात. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने यासाठीच लाल ठिपक्याची मोहीम चालवली: डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि पुडीवर लाल ठिपका काढायचा, म्हणजे आत काय आहे हे ती न उघडताच कळते. बाळाचे कपडे बदलण्याच्या जागी जुनी वर्तमानपत्रे आणि एक लाल पेन ठेवले, तर या कामाला अर्धा मिनिटही लागत नाही.