कोकणाबद्दल विकिपीडियावर लिहिताना या चुका टाळा

खातं उघडून दहा मिनिटं होत नाहीत, तोच कोकणातला नवा संपादक आपल्या गावाच्या पानावर लिहितो, "निसर्गाच्या कुशीत वसलेलं आमचं टुमदार गाव." पुढच्या ओळीत होमस्टेचा मोबाइल नंबर. संध्याकाळपर्यंत कोणीतरी दोन्ही पुसतं आणि चर्चा पानावर सुरू होतं, "आमच्या गावाबद्दल लिहायला तुमची परवानगी लागते काय?"

नाही लागत. पण टुमदारपणाला संदर्भ देता येत नाही. तालुका लिहा, नदी किंवा खाडी कोणती ते लिहा, जवळचं रेल्वे स्थानक किती किलोमीटरवर आहे ते लिहा. लोकसंख्या लिहाल तर "२०११ च्या जनगणनेनुसार" हे शब्द सोडू नका. सन नसलेला आकडा दोन वर्षांनी कोणाच्याच कामाचा राहत नाही. नंबर आणि खोल्यांचे दर यांची जागा विकिपीडिया नाही, मग खोली कितीही स्वच्छ असो.

आता हेलियम. १८ ऑगस्ट जवळ आला की व्हॉट्सॲपवर विजयदुर्ग फिरायला लागतो, आणि हमखास कोणाच्या तरी हातून हे वाक्य विकिपीडियावर येतं: "१८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्ग किल्ल्यावरून नॉर्मन लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला." वाक्य छोटं, आणि त्यात ग्रहणाची तारीख तेवढी बरोबर.

त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण झालं, हे खरं. पण ते ग्रहण बघायला भारतात आलेला आणि या शोधाशी नाव जोडलेला माणूस म्हणजे फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जानसेन, आणि तो होता आंध्रातल्या गुंटूरला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला, म्हणजे ग्रहणानंतर दोन महिन्यांनी, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फाकवून मिळणारा रंगांचा पट्टा, पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेशी जुळेना, म्हणून नवं मूलद्रव्य असावं असा तर्क पुढे आला. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांच्या प्रयोगशाळेत.

मग विजयदुर्गाचं नाव आलं कुठून? लॉकियर विजयदुर्गाला आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. हेलियम सापडून तोवर तीन वर्षं झाली होती. दोन ग्रहणं, एक साहेब आणि किल्ल्यावरचे "साहेबाचे ओटे" एवढं सामान मिळालं की गजाल, म्हणजे गप्पांतली गोष्ट, आपोआप तयार होते.

या पानावरची लढाई ठरलेल्या क्रमाने चालते. एक जण वाक्य टाकतो. दुसरा काढतो. पहिला परत टाकतो आणि या वेळी वर्तमानपत्राच्या पर्यटन पुरवणीचा दुवा जोडतो. दुसरा परत काढतो. मग तिसरा येतो, त्याला दोघांशी देणंघेणं नसतं, तो मधेच शुद्धलेखन सुधारून जातो आणि पानाच्या इतिहासात बदलांची अशी खिचडी होते की कोणी काय केलं ते उलगडायला अर्धा तास जातो. शेवटी प्रचालक (जादा अधिकार असलेला संपादक) पान सुरक्षित करतो, म्हणजे बदलांना कुलूप लावतो, बहुतेक वेळा चुकीचं वाक्य आत असतानाच. आणि पुरवणीतला तो लेख? पुष्कळदा विकिपीडियाच्याच जुन्या आवृत्तीवरून उतरवलेला असतो. आपल्याच आरशाला साक्षीदार म्हणून उभं करण्याचा हा प्रकार आहे.

उपाय कंटाळवाणा आहे. वाक्य परत टाकण्याआधी संदर्भाची तारीख पाहा आणि "इतिहास पहा" मध्ये जाऊन विकिपीडियावर तो मजकूर कधी आला ते पाहा. मजकूर आधीचा आणि बातमी नंतरची असेल, शिवाय शब्दही तेच असतील, तर तो संदर्भ बाद. विज्ञानाच्या दाव्याला विज्ञानाच्या इतिहासाचा संदर्भ द्या, पर्यटनाचा नको. गावात सांगितली जाणारी गोष्ट लिहूच नये असं नाही. "अशी स्थानिक समजूत आहे" म्हणून लिहा आणि लगेच पुढे जानसेन, गुंटूर, लॉकियर, इंग्लंड हे तारखांसह द्या. तुमचा बदल दोनदा उलटवला, म्हणजे मागे फिरवला गेला की तिसऱ्यांदा बटण दाबू नका, चर्चा पानावर जा. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर खातं गोठवलं जाऊ शकतं. मराठीत माणसं कमी, म्हणून ओळखदेख जास्त, पण म्हणून सूट आहे असं समजू नका.

गावांच्या नावांचा घोळही तितकाच जुना. पाली म्हणजे बल्लाळेश्वराची, सुधागड तालुक्यातली. आणि पाली रत्नागिरी तालुक्यातलीही. नांदगाव मुरूड तालुक्यात आहे, कणकवलीत आहे आणि नाशिक जिल्ह्यातही. नवा संपादक शोधात पहिलं दिसेल त्या पानात आपल्या गावाची माहिती ओततो आणि नाशिकच्या नांदगावाला समुद्रकिनारा मिळतो. आधी निःसंदिग्धीकरणाचं पान, म्हणजे सारख्या नावाच्या लेखांची यादी, आहे का ते पाहा. नसेल तर शीर्षकात कंसात तालुका द्या. जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी क्रमांक असतो, नाव सारखं असलं तरी तो वेगळा असतो. तो जुळवला की भांडण मिटतं. आणि वाडीला वेगळा लेख काढू नका. बौद्धवाडी, भंडारवाडी, खालची वाडी, वरची वाडी हे सगळं त्या महसुली गावाच्या लेखातला एक परिच्छेद. कोकणात वाड्या मोजायला बसलो तर विकिपीडिया पुरायचा नाही.

जुन्या माणसांच्या चरित्रात जिल्हा लिहिताना सन पाहा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा. १९३० साली मालवणात जन्मलेला माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मला. सावंतवाडीचा असेल तर तेही नाही, कारण सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होतं. मुरूडचं तसंच, ते जंजिरा संस्थानात. रायगड जिल्हा १९८१ पूर्वी कुलाबा होता आणि पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. "तत्कालीन" हा एक शब्द लिहायला आळस करू नये.

जागतिक वारशाच्या यादीत जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले आले. किनाऱ्यावरचे त्यातले चार: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. जंजिरा त्यात नाही. कृपया घालू नका.

फोटोंबद्दल. फेसबुकवरून उतरवलेला फोटो "मी काढला" म्हणून कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक साठ्यावर) चढवला की तो पकडला जातो, कारण फेसबुक फोटो लहान करतं आणि कॅमेऱ्याची माहितीही गाळून टाकतं. स्वतः काढलेला असेल तर फोनमधली मूळ फाइल चढवा, व्हॉट्सॲपमधून फिरून आलेली नको. मित्राने काढला असेल तर परवानगी मित्राने ईमेलने द्यायची असते, तुम्ही त्याच्या वतीने नाही. चौकातल्या कायमच्या पुतळ्याचा फोटो भारतीय कायद्याप्रमाणे चालतो; भिंतीवरच्या चित्राचा किंवा फ्लेक्सचा नाही. फाइलला "आयएमजी" आणि आकडे असं नाव देऊ नका. "हर्णे बंदर, मासळीचा लिलाव, दापोली तालुका" असं नाव दिलं तर पुढच्या माणसाला ती फाइल सापडते.

यंत्राचं भाषांतर जसंच्या तसं चिकटवणाऱ्यांना एकच विनंती: निदान एकदा मोठ्याने वाचा. इंग्रजीतल्या "क्रीक"चा आपल्याकडे ओढा होत नाही, खाडी होते. दाभोळच्या ओढ्यात जहाजं आली असं वाचून गुहागरचा माणूस हसेल, पण विदर्भातल्या पोराला ते खरंच वाटेल.

एक तांत्रिक चूक डोळ्यांना दिसतच नाही. "किनाऱ्या", "दऱ्या" यातला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो. एक ऱ या वेगळ्या अक्षराला हलन्त देऊन, दुसरी साध्या र ला हलन्त आणि त्यानंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण संगणकाला ते वेगळे शब्द. म्हणून लेख असूनही दुवा लाल, म्हणजे पान नसल्यासारखा, दिसतो आणि संपादक त्याच नावाचं दुसरं पान काढतो. दुवा हाताने टंकू नका, पानाचं शीर्षक कॉपी करून चिकटवा. दुसरं पान निघालंच असेल तर पुनर्निर्देशन टाका, म्हणजे ते उघडणारा आपोआप मूळ पानावर जातो.

मालवणी भाषा की बोली, हा वाद लेखात नको. तो चर्चा पानावर घाला, तिथे चार टिल्डे (~~~~) देऊन सही करा. देवस्थानाच्या किंवा संस्थेच्या नावाने खातं उघडू नका, स्वतःच्या मंडळाचा लेख स्वतः लिहू नका. बदल जतन करताना येणारी "बदलांचा आढावा" ही चौकट रिकामी सोडू नका, "संदर्भ जोडला" एवढे दोन शब्दही पुरतात.

आणि केलेला बदल दिसेनासा झाला तर घाबरून पुन्हा टंकत बसू नका. उलटवलेला मजकूर इतिहासात शाबूत असतो, तारखेवर टिचकी मारली की जुनी आवृत्ती उघडते, तिथून उचला. पूर्ण पानच वगळलं गेलं असेल तर मात्र तो मजकूर फक्त प्रचालकाला दिसतो. त्याच्या चर्चा पानावर पानाचं नाव देऊन मजकूर आपल्या धूळपाटीत (सरावाच्या खासगी पानात) टाकायला सांगा. प्रताधिकाराचा भंग म्हणून काढला असेल तर तो परत मिळणार नाही, त्यामुळे तासभर खपून लिहिलेलं आधी धूळपाटीत ठेवावं आणि संदर्भ जोडून झाल्यावरच लेखात हलवावं.