चौकातल्या मोरोक्कन कंदिलाची नक्षी उमटत नसेल तर

घराच्या चौकात मोरोक्कन रियादचा, म्हणजे मध्ये अंगण असलेल्या तिथल्या जुन्या घराचा थाट करायचा म्हणून जाळीचा पितळी कंदील टांगतात, पण रात्री भिंतीवर नक्षीऐवजी नुसता उजेडाचा डाग पडतो. बहुतेक वेळा दोष दुधी बल्बचा असतो. प्रकाश जितक्या लहान ठिपक्यातून येतो, तितकी सावली रेखीव पडते.

१. एकाच चिपचा, दुधी आवरण नसलेला 1 ते 3 वॅटचा एलईडी घ्या. रंग पिवळसर हवा, 2700 केल्विन.
२. कंदील भिंतीपासून फूट-दीड फुटावर, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला टांगा. भिंतीला फिका, न चमकणारा रंग द्या. चमकदार रंगावर दिवाच परावर्तित होतो आणि नक्षी फिकी पडते.
३. वरचे दिवे बंद ठेवा.

दिवसा शोभेसाठी मध्ये कारंजे आणि चार कोपऱ्यांत लिंबाच्या कुंड्या पुरतात. सुगंधासाठी मोगरा बसायच्या जागेजवळ, रातराणी मात्र लांब. जवळ तिचा वास उग्र होतो.

कोल्हापूरसारखा जोराचा पाऊस असेल तर कंदिलाला 12 व्होल्टचीच वायर द्या, अ‍ॅडॉप्टर घरात कोरड्या जागी ठेवा. आणि चकचकीत टाइल्स कारंज्याच्या कठड्यालाच लावा; जमिनीवर लावल्या तर पावसात त्यांवरून हमखास पाय घसरतो, तिथे खरबरीत शहाबादीच बरी.